प्लग लावलास का?

फार्गोमध्ये आमची सात-आठ मराठी घरं. एकत्र जमलो की आधी मुलांच्या शाळा होतात, मग कोणाच्या दारात किती बर्फ साठलाय ते होतं, आणि मग कोणीतरी गाडीच्या प्लगचा विषय काढतं. झालं! भाजी गार होते, पोळ्या वातड होतात, पेंडसे काकू मायक्रोवेव्हपाशी उभं राहून हाका मारतात, तरी कोणी जागचं हलत नाही. कारण प्रत्येकाकडे एक तरी किस्सा असतोच. नवीन आलेल्याकडे नसला, तर त्याने एक हिवाळा थांबायचं. मिळतो!

ज्यांनी उणे तीसचा गारठा बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे नॉर्थ डकोटात गाडीच्या इंजिनात एक छोटीशी शेगडी बसवलेली असते. तिला म्हणायचं ब्लॉक हीटर. तिची वायर पुढच्या जाळीतून बाहेर येते आणि टोकाला आपला साधा तीन पिनांचा प्लग. रात्री गाडी लावली की तो सॉकेटमध्ये लावायचा, म्हणजे सकाळी इंजिन कोमट असतं आणि गाडी पटकन सुरू होते. नाही लावला, तर गाडी नुसतं ‘टक्’ म्हणते. दुसऱ्यांदा तेवढंही म्हणत नाही!

* * *

आम्ही आलो अ‍ॅरिझोनातल्या चँडलरहून. तिथे उन्हाळ्यात स्टिअरिंग इतकं तापायचं की माझी एक मैत्रीण गाडीत ओव्हनचे मोजे ठेवायची. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इथे ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली आणि सप्टेंबरात आम्ही सामान हलवलं. हवा इतकी सुंदर की मंदार म्हणाला, “लोक उगाच घाबरवतात यार!”

शेजारी लॅरी. शाळेची बस चालवून रिटायर झालेला, मनाने मोठा आणि बोलण्यात एकदम कंजूष. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तो त्याच्या अंगणातून ओरडला, “मंदार! उद्या फार थंडी आहे. प्लग्ड इन?”

मंदारला वाटलं, लाइट जातात की काय, म्हणून हा फोन चार्ज करायला सांगतोय. त्याने खिशातून फोन काढला, उंच धरून दाखवला आणि अभिमानाने म्हणाला, “येस! हंड्रेड पर्सेंट!”

लॅरीने अंगठा दाखवला आणि समाधानाने आत गेला.

सकाळी गाडी म्हणाली, “टक्.”

* * *

त्याच दिवशी आमची पेंडसे काकांशी खरी ओळख झाली. काका आणि काकू दोघंही डॉक्टर. काका भूल देणारे, काकू बायकांच्या डॉक्टर. सगळं आयुष्य इथल्याच हॉस्पिटलात काढून आता रिटायर झालेत. नवीन मराठी कुटुंब आलं की काकू डबा घेऊन येतात आणि काका टॉर्च.

काका आले ते कानटोपी, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा अशा पूर्ण तयारीत. बॉनेट उघडलं. मंदार म्हणाला, “काका, मॅन्युअल वाचू का?”

“वाच तू. मी पेशंट बघतो.”

मग काकांनी तपासणी सुरू केली. जाळीच्या मागे बघितलं. बॅटरीच्या बाजूला हात घातला. कधीकधी फॅक्टरीवाले वायर गुंडाळून आत बांधून ठेवतात म्हणे, म्हणून सगळ्या बांधलेल्या वायरी एकेक करून पाहिल्या. शेवटी आमच्या लिव्हिंग रूममधली जुनी योगा मॅट मागवली, बर्फावर अंथरली आणि या वयात सरळ गाडीखाली शिरले! काकू पायाशी टॉर्च धरून उभ्या. मी दारात चहा घेऊन. चहावर साय आली, मग सायीवर बर्फ यायची वेळ आली.

“काका, काही दिसतंय का?”

बऱ्याच वेळाने काका सरपटत बाहेर आले, चष्मा पुसला, मंदारच्या खांद्यावर हात ठेवला. पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घेऊन बोलतात तो आवाज लावला.

“गाडी अ‍ॅरिझोनाची ना? मन घट्ट कर. हिला ते जन्मतःच नाही!”

मग काकांनीच गॅरेजवाल्याला फोन करून नवीन हीटर बसवून दिला. पुढे महिनाभर भेटेल त्याला ते सांगत होते, “मंदारच्या गाडीचं ट्रान्सप्लांट झालं. बॉडीने अ‍ॅक्सेप्ट केलंय!”

* * *

ओंकारची गोष्ट याच्या बरोबर उलटी. ओंकार नागपूरचा, इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करतोय. हुशार, कष्टाळू आणि नको इतका टापटिपीचा. त्याने ऑगस्टमध्ये एक जुनी गाडी घेतली. घरी आणून धुतली, पुसली, आणि बघतो तर पुढच्या जाळीतून एक वायर लोंबतेय. त्याला वाटलं, आधीच्या मालकाने काहीतरी जुगाड करून ठेवलाय. बघवेना बिचाऱ्याला.

नोव्हेंबरात गणपतीच्या प्रसादाचे राहिलेले डबे परत द्यायला तो काकांकडे आला. काका सवयीने म्हणाले, “ओंकार, तुझ्या गाडीला हीटर आहे का बघितलंस का? पुढे एक प्लग असेल बघ लोंबता.”

“तो प्लग होय?” ओंकारचा चेहरा पडला. “तो तर मी कापून टाकला ना काका!”

“काऽय?”

“ठेवला आहे मी सांभाळून. जोडता येते का?” असं म्हणत त्याने खरंच जॅकेटच्या खिशातून तो प्लग काढून टेबलावर ठेवला. सोबत वीतभर वायर.

काका कपाळाला हात लावून बसले. काकू आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “अरे ओंकार, नाळ कापायचं काम माझं होतं ना! तू कशाला केलंस?”

* * *

मग सासूबाई आल्या. सांगलीच्या. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही उन्हाळ्यात या म्हणून कितीदा सांगितलं, पण नातीचा, म्हणजे ताराचा, नाटकातला पहिला रोल फेब्रुवारीत होता. म्हणून त्या फेब्रुवारीतच आल्या.

आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमची गाडी रुसली. रात्री मंदार स्वतः प्लग लावायचा, सकाळी इंजिन बर्फासारखं! सुरू व्हायची, पण इतकी कुरकुर करत की आपणच तिला सॉरी म्हणावं. मंदारने एक्स्टेंशन कॉर्ड बदलली. प्लग घासून पुसला. काकांना बोलावलं. काकांनी गाडीला कान लावला आणि म्हणाले, “प्लग लावला की आतून बारीक सुर्र आवाज यायला हवा. येतोय की!” म्हणजे हीटर चांगला. तरी सकाळी गाडी गार.

शेवटी ताराने शोध लावला. ती आरामात सीरियल खात म्हणाली, “आजी टर्न्स इट ऑफ एव्हरी नाइट.”

गॅरेजच्या दाराशी एक बटण आहे. त्याच्यावर ते सॉकेट चालतं आणि बटणावर एक लाल दिवा लागतो. सासूबाई झोपायच्या आधी घरभर फिरून दिवे मालवायच्या आणि सकाळी उठून पुन्हा लावायच्या. त्यात हाही!

“उगाच रात्रभर जळत होता,” त्या म्हणाल्या. “गाडीला प्लग लावतात होय? ती काय मोबाइल आहे?”

मंदारने मान खाली घातली, कारण हा विषय त्याच्या फारच जवळचा होता. मग त्याने कागद-पेन घेतलं, इंजिनाचं चित्र काढलं, पिस्टन, कूलंट, ऑइलची व्हिस्कॉसिटी, सगळं समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे थंडीत आतलं तेल घट्ट होतं.”

“हो.”

“खोबरेल तेलाची बाटली थिजते तसं.”

“हो, म्हणजे अगदी तसंच नाही, पण...”

“मग एवढंच सांगायचं की रे! बाटली आम्ही ऊन पाण्यात ठेवतो. त्याच्यासाठी चित्रं कशाला काढावी लागतात?”

आता आमच्याकडे कोणी नवीन मराठी माणूस आला की आम्ही तीच खोबरेलाची बाटली सांगतो. चित्राचा कागद मंदारने फाडून टाकला.

* * *

मंदारचा कॉलेजमधला मित्र निखिल टेक्सासला फ्रिस्कोत राहतो. त्याने नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि ख्रिसमसच्या सुट्टीत ती चालवत आमच्याकडे यायचं ठरवलं. मंदारने फोनवर सांगितलं, “अरे विमानाने ये!” निखिल म्हणाला, “थंडी आम्हीपण बघितलीये यार. मागे एकदा फ्रिस्कोतपण बर्फ पडला होता!”

शेवटचा मुक्काम त्याने फार्गोच्या अलीकडे एका मोटेलमध्ये केला. बघतो तर पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपुढे एक खांब आणि खांबाला सॉकेट! त्याने लगेच फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “तुम्हा लोकांकडे सगळ्यांना चार्जिंग फुकट? आणि तू मला घाबरवत होतास!”

त्याला वाटलं ती सोय त्याच्यासाठीच आहे. त्याने मजेत गाडीची वायर लावली आणि झोपायला गेला. पण तो साधा हीटरपुरता करंट. बाहेर अशी थंडी, की जेवढी वीज आत जात होती तेवढी गाडी स्वतःला ऊब द्यायलाच वापरत होती.

सकाळी निखिलचा फोन. आवाज रडवेला. “मंद्या, रात्रभर चार्जिंगला लावून बॅटरी कालच्यापेक्षा कमी झालीये रे!”

मंदार त्याला आणायला निघाला, तेव्हा काका सोबत गेले. निखिलची गाडी बघून, तिच्याभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, “माझ्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये सलाइन लावल्यावर वाळलेला पेशंट पहिल्यांदा बघतोय!”

* * *

आता आमचीच फजिती. संक्रांत. काकूंकडे हळदीकुंकू. मी काळी साडी, वर गुडघ्यापर्यंत कोट, खाली बर्फाचे बूट. हाच इथला पोशाख.

त्या वर्षी लॅरीच्या अंगणातलं सॉकेट बिघडलं होतं. त्याने अंगणात ख्रिसमसचं एक रेनडिअर उभं केलं होतं. तारेचा सांगाडा, अंगभर दिवे, वासराएवढं मोठं. तो विचारायला आला, तुमच्या कॉर्डवर लावू का? आम्ही म्हटलं, लाव की! मग आमच्या एक्स्टेंशनच्या टोकाला एका बाजूने गाडी आणि दुसऱ्या बाजूने रेनडिअर असा संसार सुरू झाला. ख्रिसमस संपला, पण इथे सजावट बर्फात गोठते, ती वितळल्यावरच निघते. रेनडिअर राहिलं.

प्लग वाऱ्याने निसटतो म्हणून मंदारने त्याला गाठ मारून ठेवली होती. चांगली घट्ट. आणि लॅरीनेही त्याच्या बाजूला मारली होती. एकमेकांना न सांगता.

निघताना उशीर झाला. मंदारने प्लग न काढताच गाडी रिव्हर्स घेतली. कॉर्ड भिंतीतून सुटली, गाठी सुटल्या नाहीत. रस्त्यावर मऊ बर्फ, त्यामुळे आवाज शून्य! आम्ही आरामात चाललोय. मागच्या गाड्या लाइट मारतायत, हॉर्न देतायत. एक बाई काच खाली करून हात हलवत गेली.

मंदारनेही हात हलवला. मला म्हणाला, “हेच मला इथलं आवडतं बघ. लोक किती फ्रेंडली आहेत!”

सिग्नलला तारा मागे वळून बघत होती. म्हणाली, “बाबा, देअर्स अ रेनडिअर फॉलोइंग अस.”

“सो क्यूट!” मंदार म्हणाला. तिच्या गोष्टीच्या पुस्तकातलं असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं.

काकूंच्या दारात गाडी थांबली. रेनडिअर हळूच घसरत आलं आणि आमच्या शेजारी येऊन उभं राहिलं. एक शिंग वाकडं, बाकी झक्क. काकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन दारातच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

“अगं अनघा, आज वाण मी द्यायचंय! तू कशाला घेऊन आलीस?”

* * *

ओंकारची आणखी एक गोष्ट आहे. तेव्हा त्याने नवीन वायर बसवून घेतली होती आणि आता तो प्लगच्या बाबतीत आमच्या सगळ्यांपेक्षा कडक झाला होता. त्याच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्येही ते सॉकेटवाले खांब आहेत. त्याच्या शेजारच्या खांबाला डोरोथी नावाच्या आजीबाईंची गाडी असते. एकट्या राहतात. ओंकार त्यांच्या गाडीवरचा बर्फ खरवडून द्यायचा, त्या त्याला कुकीज द्यायच्या. बोलणं फार नाही.

एका रविवारी तो दुपारी किराणा आणायला खाली आला. डोरोथीबाई दर रविवारी सकाळी चर्चला जातात आणि येताना मैत्रिणीकडे जेवतात, हे त्याला माहीत होतं. पण त्यांची गाडी जागेवर, आणि प्लग अजून लावलेलाच!

त्याला वाटलं, थंडीमुळे गेल्या नसतील. तो आपल्या गाडीत बसला, कोपऱ्यापर्यंत गेला. मग त्याला राहवेना. ज्या दिवशी जायचं नसतं त्या दिवशी त्या प्लग लावतच नाहीत! तो परत फिरला.

दार वाजवलं, उत्तर नाही. आत रेडिओ चालू होता. दाराला कान लावला तर रेडिओच्या मागून आणखी एक आवाज येत होता. टण, टण. मध्ये बराच वेळ थांबून, पुन्हा टण. ओंकार धावत मॅनेजरकडे गेला, किल्ली आणली. डोरोथीबाई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलेलं. हाताला लागला तो डाव घेऊन त्या ओव्हनच्या दारावर वाजवत होत्या. सकाळपासून.

अ‍ॅम्ब्युलन्स आली, ऑपरेशन झालं. काकूंनी हॉस्पिटलात ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. ओंकारला त्या रात्री आम्ही आमच्याकडेच ठेवून घेतलं. तो जेवलासुद्धा नाही. सारखं एकच, “मी तर निघून चाललो होतो ना वहिनी!”

दुसऱ्या दिवशी तो फुलं घेऊन भेटायला गेला. डोरोथीबाईंनी डोळे उघडले, त्याला ओळखलं, हात पुढे केला. त्याला वाटलं, आता या थँक यू म्हणणार आणि आपण रडणार.

त्या म्हणाल्या, “हनी, माझ्या गाडीचा प्लग काढलास ना?”

तो काढायचा राहिलाच होता! ओंकार फुलं हातात तशीच घेऊन पळत सुटला.

* * *

आणि हा काका-काकूंचा. तो त्यांनी सांगितलेला नाही. काकूंच्या रिटायरमेंट पार्टीत त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या मार्गारेट नावाच्या नर्सने सांगितला.

तेव्हा दोघं तरुण होते, भाड्याच्या घरात राहायचे. गॅरेज नाही, गाड्या दोन आणि बाहेरच्या भिंतीला सॉकेट एक! नियम असा, की ज्याला हॉस्पिटलातून बोलावणं यायची शक्यता, त्याच्या गाडीला प्लग. एका जानेवारीत दोघांचीही ड्यूटी एकाच दिवशी आली. बराच वाद झाला. शेवटी काका म्हणाले, “तू लाव.” काकू खूश होऊन झोपल्या.

पहाटे घरातला फोन वाजला, काकूंसाठी. एका बाईंना ताबडतोब सिझेरियन करावं लागणार होतं, बाळाचे ठोके कमी होत होते. काकू धावत बाहेर आल्या, किल्ली फिरवली. टक्! बघतात तर प्लग काकांच्या गाडीला!

“अहो!!”

काका दारात उभे. त्यांच्याही अंगात कोट. त्यांनाही त्याच पेशंटसाठी बोलावलं होतं. “तुझी बरीच गरम झाली होती,” ते म्हणाले, “म्हणून मग मी माझी लावली.”

दोघं काकांच्या गाडीतून गेले. काकू रस्ताभर बोलत होत्या. हॉस्पिटलच्या जिन्यात बोलत होत्या. हात धुताना बोलत होत्या. ऑपरेशन थिएटरमध्येही थांबल्या नाहीत. काकांनी पेशंटला कमरेत इंजेक्शन दिलं, त्यामुळे ती पूर्ण जागी. मध्ये हिरवा पडदा. डोक्याशी काका, पडद्यापलीकडे काकू, आणि दोघांचं दबक्या आवाजात मराठीत चाललेलं. “मला न विचारता काढलातच कसा?” “अगं, पण मीही ऑन कॉल होतो ना!” “मग तसं तोंडावर सांगायचं!”

पेशंट अगदी तरुण मुलगी, पहिलंच बाळंतपण. तिला एक शब्द कळेना. घाबरून तिने मार्गारेटचा हात धरला. “काय झालंय? माझ्या बाळाला काही झालंय का?”

“नाही गं,” मार्गारेट म्हणाली. “ते दोघं नवरा-बायको आहेत. भांडतायत म्हणजे सगळं ठीक आहे. गप्प झाले तर मात्र मी घाबरते.”

आणि तेवढ्यात दोघं गप्प झाले.

नाळ बाळाच्या मानेभोवती होती, दोन वेढे. थिएटरमध्ये कोणी हललं नाही. काकूंचे हात तेवढे चालत होते. काकांची नजर मशीनवर. मार्गारेट सांगत होती, “त्या मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं बधिर झाली. मला तिच्याकडे बघायचा धीर होईना. मी उगाच बोलून गेले असं झालं.”

मग बाळ रडलं. आधी बारीक, मग चांगलं ठणठणीत.

तरी ती मुलगी हात सोडेना. ती पडद्याकडे बघत राहिली. आणि पडद्यापलीकडून काकूंचा आवाज आला, “आणि दुसरी लांब वायर होती घरात, ती कुठे ठेवलीत?”

मुलगी ढसाढसा रडायला लागली. रडता रडता हसली आणि मार्गारेटला म्हणाली,

“ओह थँक गॉड! दे आर फायटिंग अगेन!”